सामाईक यादी आणि शहाणा लेखनिक



व्याख्यानाचे निमंत्रण देताना चिटणीसांनी मोठ्या आदबीने विचारले होते, "सर, विषय संतसाहित्यातलाच धरू ना?" मी हो म्हटले असते तर पत्रिकेवर शोभणारे शीर्षक मिळाले असते आणि माझेही काम हलके झाले असते. परंतु गेली काही वर्षे एक गोष्ट मनात सलते आहे. ती संगणकाच्या व्यवहारातील आहे, जावा नावाच्या भाषेत लिहिलेल्या एका प्रणालीतील आहे, आणि तिच्यात माझा अपराध आहे. गुरुजींच्या स्मृतिदिनी, त्यांच्याच वर्गात उभे राहून, तो अपराध सांगावा असे मला वाटले. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाचा या विषयाशी संबंध काय, ही शंका आपल्या चेहऱ्यांवर मला दिसते आहे. ती थोडा वेळ तशीच राहू द्या.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय पाठचिकित्सा हा होता. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर ठेवायच्या, त्यांतील पाठभेद नोंदवायचे, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली ते शोधायचे आणि मूळ पाठाच्या शक्य तितके जवळ जायचे, हा त्या शास्त्राचा व्यवहार. तो शिकवण्यात माझे अध्यापकीय आयुष्य गेले. निवृत्तीनंतर एके दिवशी या शाळेची एक माजी विद्यार्थिनी घरी आली. ती पुण्यात एका कंपनीत जावामध्ये कार्यक्रम लिहिते. पतसंस्थांसाठी तिची कंपनी एक प्रणाली तयार करत होती आणि सीमाभागातील काही संस्था ती वापरणार होत्या. "सर, आम्हाला आपल्याकडची नावं हवीत. खरी वाटणारी, अडचणीची. पुण्यातली पोरं सगळीकडं जोशी आणि पाटीलच घालतात," ती म्हणाली. नावे कशाला हवीत, ते मी विचारले. तेथून माझे या विषयातील शिक्षण सुरू झाले.

मोठी प्रणाली एका माणसाने लिहिलेली नसते. तिचे विभाग असतात. येथे सभासदांचा विभाग, ठेवींचा विभाग, कर्जांचा विभाग आणि शाखांचे हिशेब जुळवण्याचा विभाग, असे चार होते व प्रत्येकावर निराळी माणसे होती. कार्यक्रम लिहिणारा त्याच्या शेजारी आणखी छोटे छोटे कार्यक्रम लिहितो. त्यांचे काम एवढेच, की मोठा कार्यक्रम सांगितल्याप्रमाणे वागतो की नाही ते पाहणे. यांना चाचण्या म्हणतात. जावा ही भाषा १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने जगापुढे आणली. तिच्यातील चाचण्यांसाठी सर्वाधिक वापरले गेलेले साधन जेयुनिट हे केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात बसून लिहायला घेतले. कोणीही जरासा बदल केला, की शेकडो चाचण्या आपोआप धावतात. सर्व उत्तीर्ण झाल्या तर पडद्यावर हिरवा रंग, एखादी जरी नापास झाली तर लाल. परीक्षेच्या निकालाची इतकी घाई मी कोणत्याही विद्यापीठात पाहिलेली नाही.

आता चाचणी घ्यायची तर तिला काहीतरी सामग्री लागते. सभासद हवा, त्याचे नाव, गाव, खाते, शिल्लक हवी. प्रत्येक चाचणीसाठी हे नव्याने लिहायचे म्हणजे कंटाळवाणे काम. म्हणून या मंडळींनी केले ते आपण सर्वांनीच केले असते. एक यादी तयार केली, ती सामाईक ठिकाणी ठेवली आणि चारही विभागांच्या चाचण्या त्या यादीवर सोडून दिल्या. माझ्याकडून त्यांना हवी होती ती यादीसाठी भर.

काम मनासारखे होते. मी नावे देताना मुद्दाम छळले. ज्यांच्या आडनावांवर कानडीचा संस्कार आहे अशी नावे दिली. ज्यांत 'ळ' येतो अशी दिली, कारण आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर बसतो आणि संगणकाच्या सांकेतिक क्रमात त्याला 'ल'च्या लगेच शेजारी जागा मिळाली आहे. केवळ संकेतांकांवर विसंबून नावे लावली तर सभासदांची यादी मराठी माणसाला अनोळखी वाटेल असा क्रम येतो. तिच्या सहकाऱ्यांना हे नवे होते. मला उगाचच आपण अजून उपयोगी आहोत असे वाटू लागले. इतके, की त्यांनी मला त्या यादीत थेट दुरुस्ती करण्याची परवानगी देऊन टाकली.

एका संध्याकाळी मी यादी वाचत होतो. तिच्यात गावांच्या रकान्यात 'कऱ्हाड' हे नाव लागोपाठ दोन ओळींत आले होते. सभासद तोच, बाकीचा मजकूर तोच. नकलाकाराची डुलकी! पोथ्यांमध्ये अशी द्विरुक्ती शेकडो वेळा पाहिलेली. मी दुसरी ओळ काढून टाकली. बदल करताना कारण नोंदवावे लागते, तेथे मी लिहिले, "पुनरुक्ती काढली." आणि समाधानाने झोपलो.

सकाळी फोन आला. "सर, काल यादीत हात घातलात काय?"

झाले होते ते असे. त्या दोन ओळी दिसायला एक होत्या, आत निराळ्या होत्या. आपला 'ऱ्ह' किंवा 'ऱ्य' यांतील डोळ्यांच्या पापणीसारखा अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये 'ऱ' या अक्षराला स्वतंत्र संकेतांक आहे; त्याला हलन्त जोडून पापणीचा र मिळतो. साध्या 'र'ला हलन्त जोडून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घातले, तरी पडद्यावर तीच आकृती उमटते. कोणता कळफलक हाती आहे त्यावर टंकलेखक कोणता मार्ग धरील ते ठरते. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही. यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडने समान रूपे एकत्र आणण्यासाठी जी सामान्यीकरणाची रीत ठरवली आहे, तीसुद्धा या दोघांना एक मानत नाही. वर्गात मी वर्षानुवर्षे फळ्यावर 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द लिहून एक र कसा गुरूचा स्वयंपाकी करतो ते सांगत आलो होतो. त्या रचा दुसरा अवतार मला घरबसल्या चकवून गेला. कोणी तरी जाणत्या माणसाने त्या दोन ओळी शेजारी शेजारी मुद्दाम ठेवल्या होत्या. प्रणाली दोन्ही रूपांना एकच माणूस समजते की नाही, ते पाहण्यासाठी.

माझ्या एका ओळीने काय काय पडले ते तिने मला नंतर समजावले. सभासद विभागातील एक चाचणी यादीत अठ्ठेचाळीस नोंदी आहेत असे धरून चालली होती. आता सत्तेचाळीस होत्या, ती नापास. कर्ज विभागातील काही चाचण्या "यादीतील तिसाव्या सभासदाला कर्ज द्या" अशा लिहिलेल्या होत्या. एक ओळ गेल्यामुळे तिसावा माणूसच बदलला, त्या नापास. त्यांना कऱ्हाडशी काही देणेघेणे नव्हते. कोणी संख्येवर विसंबले होते, कोणी क्रमांकावर. यादीत मात्र यातले काही लिहिलेले नव्हते. यादीने कोणाला वचन दिले नव्हते, आणि तरी सगळे तिच्या वचनावर उभे होते.

आणि या ठिकाणी खरी चूक झाली, जी माझ्या एकट्याची नव्हे. काम देण्याची तारीख जवळ होती. अठ्ठेचाळीसच्या जागी सत्तेचाळीस लिहिले गेले, तिसाव्याच्या जागी एकोणतिसावा आला, पडदा हिरवा झाला आणि मंडळी पुढच्या कामाला लागली. मीही माफी मागून मोकळा झालो. हिशेब जुळवण्याच्या विभागात एक चाचणी होती, जिच्यासाठी ती जोडी ठेवलेली होती. ती यादीतून अशा दिसायला एक असणाऱ्या सर्व जोड्या शोधून प्रत्येकीची परीक्षा घेत असे. आता यादीत एकही जोडी उरली नव्हती. परीक्षेला विद्यार्थीच नाही, तेव्हा नापास कोण होणार? ती चाचणी रोज हिरवी येत राहिली. नापास झालेल्या चाचण्यांनी आरडाओरडा तरी केला. ही गप्प बसली.

काही महिन्यांनी दुसऱ्या कोणी नावे ताडून पाहण्याचा भाग नव्याने लिहिला. त्यात दोन्ही रूपे एक मानण्याची तरतूद राहून गेली. चाचणीने ओरडायला हवे होते. तिच्याजवळ ओरडण्यासारखे काही नव्हते. प्रणाली संस्थांकडे गेली.

निपाणीकडची एक वृद्ध बाई. तंबाखूच्या वखारीत हात झिजवून साठवलेले पैसे तिने पतसंस्थेत मुदतीने ठेवले होते. तिच्या आडनावात 'ऱ्ह' होता. एका शाखेत तिचे बचत खाते, दुसऱ्या शाखेत ठेव. दोन टंकलेखक, दोन कळफलक. दोन्ही शाखांचे दप्तर एकत्र झाले तेव्हा प्रणालीच्या लेखी त्या दोन बाया झाल्या. ठेवीची मुदत संपली. रक्कम जमा करायला त्या नावाचे बचत खाते सापडेना. बाईने पासबुक दाखवले, कारकुनाने पडद्यावर नाव दाखवले. दोन्हीकडे तेच नाव, तेच स्पेलिंग म्हणा ना, आणि तरी यंत्र नाही म्हणत होते. कारकुनालाही काय सांगावे ते कळेना. तिला एसटीने तीन खेपा घालाव्या लागल्या. चौथ्या वेळी मुलगा आला, रागावला, तक्रार पुण्यापर्यंत पोचली आणि शोध सुरू झाला.

या मंडळींच्या दप्तराला एक चांगली सवय असते. कोणत्या दिवशी कोणी कोणती ओळ घातली वा काढली, ते सारे जपून ठेवलेले असते. पोथीच्या शेवटी पुष्पिकेत लेखनिक आपले नाव, शक, तिथी लिहितो, तसे येथे प्रत्येक ओळीला असते. शोधता शोधता ते त्या पुष्पिकेपर्यंत आले. तेथे माझे नाव होते आणि "पुनरुक्ती काढली" हे दोन शब्द.

आता पाठचिकित्सेकडे वळतो, कारण त्या रात्री मला झोप आली नाही ती तिच्यामुळे. या शास्त्रातील एक मूलभूत सूत्र असे, की दोन पाठांपैकी जो अवघड, खटकणारा, तो बहुधा जुना. कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. पोथीला निर्बुद्ध नकलाकारापासून धोका असतो, त्याहून अधिक धोका शहाण्या लेखनिकापासून. निर्बुद्धाच्या चुका ओळखू येतात. शहाणा जे दुरुस्त करतो ते इतके बेमालूम असते, की शंकासुद्धा येत नाही. हे मी किती पिढ्यांना शिकवले! आणि खटकणारी ओळ समोर येताच मी शहाणा लेखनिक झालो.

एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यांच्यापुढे पाठांचा घोळ झालेल्या प्रती होत्या आणि त्यांनी त्या ताडून पाहिल्या. पुढे राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत १९०९ मध्ये छापली, त्यावरून किती वाद झाले ते येथे सांगत बसत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की सर्वांच्या उपयोगात असलेल्या ग्रंथाला हात लावणे ही जबाबदारी केवढी असते, ते आपल्या परंपरेला पुरेपूर ठाऊक होते. मी संगणकाची यादी म्हणजे किराण्याची यादी समजलो.

दुसरे सूत्र याहून महत्त्वाचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पूर्णत्वास गेले. डॉ. वि. सी. सुखठणकरांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली, ते १९४३ मध्ये निवर्तले. हजाराहून अधिक हस्तलिखिते विचारात घेतली गेली. पण हजार पोथ्या म्हणजे हजार साक्षीदार नव्हेत. पन्नास पोथ्या एकाच पूर्वजावरून उतरलेल्या असतील तर त्या पन्नासांची साक्ष एकच. काश्मीरची शारदा लिपीतील पोथी आणि दक्षिणेतील पोथी, ज्यांचा शतकानुशतके एकमेकींशी संपर्क नाही, त्या जर एक पाठ सांगत असतील तर त्याला वजन येते. साक्षीदार किती, यापेक्षा ते एकमेकांपासून स्वतंत्र किती, हा प्रश्न सुखठणकरांनी आपल्याला विचारायला शिकवला.

माझ्या विद्यार्थिनीला मी हे सांगितले तेव्हा ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सर, म्हणजे आमच्या सातशे चाचण्या नाहीत. एकच आहे." अगदी तसे नाही, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. पण तिला रोग सापडला होता. एका यादीवर पोसलेल्या चाचण्या यादीतील दोष सारख्याच रीतीने झाकतात आणि यादी हलली की एकदम कोसळतात.

हेच मला सर्वप्रथम गुरुजींनी शिकवले होते, सुखठणकरांचे नावही ऐकले नव्हते तेव्हा. सहावीत गणिताच्या सहामाहीत आम्हा चौघांचे एका उदाहरणाचे उत्तर सारखेच चुकले. गुरुजींनी छडी काढली नाही. चार वह्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाले, "बरोबर उत्तर चौघांचं सारखं येऊ शकतं रे. चूक सारखी कशी आली? ही चार उत्तरं नव्हेत, एक उत्तर आहे. कुणाचं ते सांगा." ते माझे होते. बाकीच्या तिघांनी माझ्या वहीवर विश्वास ठेवला होता. विश्वासघात पुढे साठ वर्षांनी पुन्हा केला, असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या वडगावात मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्यांना हे वेगळ्या रीतीने कळेल. काठाची नक्षी उठवणाऱ्या जेकार्डची छिद्रे पाडलेली पुठ्ठी असतात. फ्रान्समध्ये जाकारने हा माग १८०४ च्या सुमारास सिद्ध केला आणि पुढे गणनयंत्रांनी छिद्रांच्या पुठ्ठ्यांची कल्पना तेथूनच उचलली. तेव्हा आपले विणकर आणि संगणकवाले हे तसे भाऊबंदच. आमच्या गल्लीत पुठ्ठ्यांचा एक संच दोन घरांत फिरत असे. एकाने आपल्या लुगड्यासाठी त्यातील एक छिद्र कागद चिकटवून बुजवले आणि संच परत दिला. दुसऱ्याच्या मागावर काठातली कोयरी प्रत्येक फेऱ्याला देठावाचून येऊ लागली. तो बिचारा आपल्या धोट्याला आणि सुताला दोष देत बसला. पुठ्ठ्यांकडे त्याचे लक्षच गेले नाही, कारण ती काल बरोबर होती.

चाचण्यांच्या बाबतीत या गोंधळाची आणखी एक जात आहे. एक चाचणी सामाईक सभासदाची शिल्लक बदलते, दुसरी चाचणी नकळत त्या बदललेल्या शिलकीवर उभी राहते. दोघी त्याच क्रमाने धावत आहेत तोवर कोणाला कळत नाही. २०११ मध्ये जावाची सातवी आवृत्ती आली आणि चाचण्या ज्या क्रमाने सापडत तो क्रम अनिश्चित झाला. जगभर कित्येकांच्या वर्षानुवर्षे हिरव्या असलेल्या चाचण्या एकाएकी लाल झाल्या. जावाने तो क्रम पाळण्याचे वचन कधी दिलेच नव्हते. पुढच्या वर्षी जेयुनिटच्या ४.११ आवृत्तीत क्रम ठराविक करण्याची सोय आली, पण जे उघडे पडायचे ते पडून गेले होते.

गुरुजींचा फळ्याबाबतचा नियम येथे आठवतो. तास संपला की फळा पुसून जावे, असा शाळेचा दंडक होता. गुरुजी तो पाळत. परंतु वर्गात आल्यावर फळा कोरा असला तरी आधी स्वतः पुसत. आम्ही हसायचो. ते म्हणत, "आधीच्या गुरुजींनी पुसलाय हे मला दिसतंय. पण माझा तास त्यांच्या पुसण्यावर नको." चाचणी संपल्यावर आवरून ठेवणे चांगलेच, मात्र ती मध्येच कोसळली तर आवरायचे राहून जाते. म्हणून सुरू होतानाच जागा स्वच्छ करून आपली सामग्री आपण मांडावी, हे शहाणपण या क्षेत्रातील जाणत्यांनीही सांगितले आहे. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात चाचण्यांच्या अशा दुखण्यांची सविस्तर नावनिशी केली. बाहेरच्या फाइलवर अवलंबून असणाऱ्या, वाचून अर्थ न लागणाऱ्या चाचणीच्या दोषाला तेथे गूढ पाहुणा म्हटले आहे. पंक्तीला पाहुणा बसला आहे, तो कोण, कोणाकडचा, कोणालाच माहीत नाही, आणि तो उठून गेला तर जेवणच थांबते! नाव मला फार आवडले.

मग त्यांनी दुरुस्ती कशी केली? यादी पूर्णपणे मोडीत काढावी, असे काही तरुणांचे मत होते. मी, अर्थातच आता नम्रपणे, विरोध केला. समान ग्रंथ नसावा असे पाठचिकित्सा म्हणत नाही. यादीचे त्यांनी दोन भाग केले. ज्या गोष्टी खरोखर सर्वांच्या आहेत, म्हणजे तालुक्यांची नावे, अक्षरांच्या अवघड जोड्या, त्या एका स्वतंत्र विभागात ठेवल्या आणि त्या वाचता येतील, बदलता येणार नाहीत अशा केल्या. जावामध्ये अशी न बदलणारी यादी करण्याची सोय आहे. चाचणीने धावता धावता तिच्यात भर घालू पाहिली तर तेथेच अडते. ही यादी ज्याला हवी त्याने तिच्या अमुक आवृत्तीवर आपण विसंबून आहोत असे लिहून द्यायचे. नवी आवृत्ती निघाली तरी जुनी लगेच नाहीशी होत नाही. पाठ्यपुस्तक बदलले म्हणून चालू वर्षाची परीक्षा नव्या पुस्तकावर घेत नाहीत, तसेच हे.

बाकी सारे सभासद, खाती, शिलका ज्याने त्याने आपल्या चाचणीतच उभ्या करायच्या. यासाठी त्यांच्यात एक सुबक रीत आहे. स्टीव्ह फ्रीमन आणि नॅट प्राइस यांच्या २००९ च्या पुस्तकामुळे ती पुष्कळांना माहीत झाली. एक सर्वसाधारण सभासद मागायचा आणि आपल्याला महत्त्वाची गोष्ट तेवढी वेगळी सांगायची: "एक सभासद द्या, बाकी कसाही चालेल, शिल्लक मात्र शून्य." चाचणी वाचणाऱ्याला तिचे लक्ष कशावर आहे ते त्या एका वाक्यात कळते. तिसावा, एकोणतिसावा हा प्रकारच संपला.

मध्ये एक मजेदार अडचण आली. सामाईक सामग्रीच्या विभागाला सभासद म्हणजे काय हे माहीत हवे, म्हणून तो सभासद विभागावर अवलंबून. सभासद विभागाच्या चाचण्यांना सामग्री हवी, म्हणून तो सामग्रीच्या विभागावर अवलंबून. प्रकल्पाची बांधणी मेव्हन नावाचे साधन करते. विभागांच्या अवलंबनाचा असा फेरा दिसला की ते कामालाच नकार देते. पेटीची किल्ली पेटीतच राहिली, असा हा प्रकार. सभासद विभागाने आपल्या चाचण्यांपुरती चार नावे स्वतः लिहून घ्यावीत आणि ज्या चाचण्यांना सगळी सामग्री हवी त्या तिसऱ्या, वेगळ्या विभागात न्याव्यात, असा मार्ग निघाला. चार नावे दोनदा लिहिली गेली, म्हणून एका तरुणाने नाक मुरडले. पुनरुक्ती म्हणजे दोषच, हा संस्कार त्यांच्याही शिक्षणात खोल आहे. मला त्याची समजूत घालण्याचा नैतिक अधिकार नुकताच मिळालेला होता, तो मी वापरला.

आणि त्या गप्प बसलेल्या चाचणीचे? तिला सुरुवातीलाच एक प्रश्न विचारायला लावला: तपासायला निदान एक जोडी आहे ना? नसेल तर नापास. कोऱ्या उत्तरपत्रिकेला पूर्ण गुण देणारा परीक्षक आम्ही विद्यापीठात एक दिवसही ठेवला नसता.

'कऱ्हाड'ची काढलेली ओळ परत आली आहे. आता तिला क्रमांक नाही, नाव आहे, आणि शेजारी टीप आहे. ती मीच मराठीत लिहिली: "या दोन ओळी दिसायला सारख्या आहेत. वेगळ्या आहेत. काढू नयेत." खाली पुन्हा माझे नाव. वर कुठेतरी जुन्या नोंदीत "पुनरुक्ती काढली" हेही तसेच आहे. ते पुसता येते का, असे मी एकदा तिला हळूच विचारले होते. "येतं सर," ती म्हणाली, "पण आम्ही पुसत नाही."

त्या बाईंना पैसे मिळाले. मी त्यांना भेटायला निपाणीला गेलो होतो. र हा कसा दोन तऱ्हांनी लिहितात ते समजावून सांगावे, असे मनात होते. त्यांनी चहा दिला, माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मास्तर, माझं नाव आता नीट झालं न्हवं?" मी म्हटले, झाले. त्यांनी पासबुक आणून माझ्या हातात दिले आणि वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले.